पिवळा इंटरनॅशनल

यंदा एप्रिल ते सप्टेंबर लेकाकडे ओहायोला होते. तिथे गेलं की पहिले पंधरा दिवस बरे जातात. मग करायचं काय हा प्रश्न पडतो. गाडी चालवता येत नाही, पायी जाण्याजोगं जवळ काही नाही. नातू शाळेतून येईपर्यंत खिडकीशी बसून समोरचं हिरवंगार गवत बघायचं, आणि ते वाढलं की कुणीतरी येऊन कापून जातं तेही बघायचं. या वेळी मात्र पाच महिने कसे गेले कळलं नाही. त्याला कारण एक भंगारात निघालेला ट्रॅक्टर.

लेकाच्या घरामागे एक जुनं शेतघर आहे. आसपासची सगळी घरं त्या शेताचेच प्लॉट पाडून झालेली. तिथल्या आजोबांनी नव्वदी गाठली, ते मुलीकडे राहायला निघाले, म्हणून त्यांचं लाकडी कोठार रिकामं करायचं काम चाललं होतं. एका शनिवारी लेक मदतीला गेला, त्याच्यामागे नातू, आणि नातवामागे मी (निमित्त शंकरपाळ्यांचा डबा पोचवण्याचं!). कोठाराच्या कोपऱ्यात जुन्या गोणपाटांखाली एक बुटका ट्रॅक्टर होता. इकडे त्याला गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. घराभोवतीचं एक-दोन एकर गवत कापायचं, हिवाळ्यात बर्फ ढकलायचा, परसातला भाजीचा तुकडा नांगरायचा, एवढी त्याची कामं. टायर बसलेले, सीटचा स्पंज उंदरांनी खाल्लेला, आणि कोठाराचं छप्पर नेमकं त्याच्याच डोक्यावर गळत असलेलं. आजोबा म्हणाले, पंचवीस वर्षं तरी चालू केलेला नाही, सोमवारी भंगारवाला येणार आहे.

मी सहज ओढणीने पुढची धूळ पुसली आणि हात थांबला. काळा एच आणि त्याच्यात मधोमध उभा तांबडा आय. हा बिल्ला मी बावीस वर्षांची असल्यापासून ओळखते. आमच्या दादाच्या ट्रॅक्टरच्या तोंडावर हाच होता.

"आजी, ही अमेरिकेची कंपनी आहे. तुझ्या गावात कशी?" नातवाने विचारलं. बारा वर्षांचा आहे, मराठी कळतं सगळं, बोलताना अडखळतो.

लेकाला म्हटलं, हा आपण घेऊ या. तो हसला. "आई, तुला काय करायचाय?" मला तरी कुठे माहीत होतं? पण भंगारवाल्याचा फोन नंबर आजोबांनी खिशातून काढला होता, तो त्यांनी परत ठेवला. काही पैसे घेईनात. शंकरपाळ्यांवर सौदा झाला म्हणायला हरकत नाही.

तर नातवाच्या त्या "कशी"ला उत्तर द्यायला मला दोन महिने लागले. इतिहास बत्तीस वर्षं शिकवला, पण हा भाग कधी अभ्यासक्रमात नव्हता.

आधी यंत्राची हकिगत सांगते. हा इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा 'कब कॅडेट', मॉडेल ७०. १९६३ ते १९६५ या काळात हे मॉडेल निघालं. सात हॉर्सपॉवरचं, एकाच सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं पेट्रोल इंजिन. इंजिन कोहलर कंपनीचं. होय, तीच कोहलर, जिचे नळ आणि सिंक आता पुण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये असतात! विस्कॉन्सिन राज्यातली ही मंडळी मुळात ओतीव लोखंडाची शेतीची अवजारं करणारी. १८८३ मध्ये जनावरांच्या ओतीव लोखंडी टाकीला आतून पांढरं इनॅमल चढवून त्यांनी ती माणसांना आंघोळीची टाकी म्हणून विकली, तिथून त्यांचा स्नानगृहांचा धंदा सुरू झाला. लोखंड ओतायची कला हातात असली की माणूस टाकीही ओततो आणि इंजिनही ओततो.

लेकाने प्लग काढला, फ्लायव्हील हाताने फिरवून पाहिलं. हलेना. पिस्टन जाम. गळक्या छपराचं पाणी कुठूनतरी आत गेलं होतं. लेक सॉफ्टवेअरमधला, त्याला वाटलं संपलं. शेतघरातले आजोबा अजून महिनाभर तिथेच होते. ते खुर्ची घेऊन आमच्या गॅरेजच्या दारात येऊन बसले आणि म्हणाले, हेड उघडा. या जुन्या इंजिनांत झडपा बाजूला ब्लॉकमध्येच असतात, त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण. बोल्ट काढले की हातात येतं. आत बघितलं तर सिलिंडरच्या भिंतीवर तांबूस गंजाचं कडं, आपल्याकडे तांब्या पाण्यात राहिला की तळाशी दिसतं तसं. इंजिनावरचं पत्र्याचं आवरण काढलं तर थंड हवा जायच्या खाचांत उंदरांचं अख्खं घरटं. गवत, स्पंज, कुणाच्या तरी मोज्याची लोकर. हे न काढता इंजिन चालू केलं असतं तर दहा मिनिटांत तापून बसलं असतं.

आजोबांनी सांगितलं ते औषध साधं होतं. डिझेलमध्ये थोडं पातळ तेल घालून पिस्टनवर ओतायचं आणि थांबायचं. रोज संध्याकाळी लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोके. जोर लावायचा नाही. जोर लावला की पिस्टन फुटतो, गंज तसाच राहतो. असे आम्ही रोज सहा वाजता तिघं जमायचो, तेल ओतायचो, चार ठोके द्यायचो, आणि मग अर्धा तास तिथेच बसून राहायचो. त्या अर्ध्या तासात नातवाला कंपनीची गोष्ट सांगायची असं ठरलं. दिवसा मी लायब्ररीतून आणलेली पुस्तकं वाचायचे. लेकाने ऑफिसला जाताना सोडावं आणि दुपारी सुनेने आणावं, अशी माझी शाळा सुरू झाली.

गोष्ट सुरू होते व्हर्जिनियात, १८३१ साली. सायरस मॅकॉर्मिक नावाच्या तरुणाने घोड्याने ओढायचं गहू कापायचं यंत्र शेतात चालवून दाखवलं. त्याच्या वडिलांनी कित्येक वर्षं तोच प्रयत्न करून सोडून दिला होता. आणि सायरसच्या बरोबरीने त्या यंत्रावर काम करणारा जो अँडरसन हा त्यांच्या घरचा गुलाम होता. पेटंटवर त्याचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. पेटंट १८३४चं. खप मात्र कित्येक वर्षं नव्हता. हे वाचताना मला आमचे लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनतं म्हणून शेतकरी हात लावेनात, पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. शेतकरी नव्या यंत्राला घाबरतो असं म्हणायची पद्धत आहे. मला वाटतं तो कर्जाला घाबरतो. यंत्र चाललं नाही तर करणाऱ्याची फक्त पत जाते, घेणाऱ्याचं वर्ष जातं.

१८४७ मध्ये मॅकॉर्मिकने शिकागोत कारखाना काढला, कारण गव्हाची सपाट जमीन पश्चिमेला होती. सायरस १८८४ मध्ये वारला आणि त्याच नावाचा त्याचा मुलगा गादीवर बसला. फाउंड्रीतल्या मोल्डर लोकांची, म्हणजे साच्यात लोखंड ओतणाऱ्यांची, तिथे मजबूत युनियन होती. १८८५च्या संपात त्यांनी मालकाला वाकवलं. मग मालकाने हवेच्या दाबावर चालणारी साचे करायची यंत्रं बसवली, म्हणजे त्या कुशल माणसांची गरजच राहू नये. १८८६च्या फेब्रुवारीत टाळेबंदी झाली. पुढे आठ तासांच्या दिवसासाठी देशभर १ मेचा संप झाला आणि ३ मेला मॅकॉर्मिकच्या फाटकाशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. कामगार मेले. त्याचा निषेध करायला दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात सभा भरली, तिथे कुणीतरी बॉम्ब टाकला. तो कुणी टाकला हे कोर्टात कधीच सिद्ध झालं नाही, तरी आठ जणांना शिक्षा झाली आणि १८८७ मध्ये चौघांना फाशी दिलं. एक तुरुंगातच मेला. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये इलिनॉयच्या गव्हर्नरने माफी दिली आणि खटलाच अन्याय्य होता असं लिहून ठेवलं.

इथे मी गप्पच झाले. नातू म्हणाला, "आजी, मग?"

आता काय सांगू त्याला? १ मे म्हणजे आमच्या शाळेत निकालाचा दिवस, महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. सकाळी झेंडा, मग प्रगतिपुस्तकं. दरवर्षी मी फळ्यावर एक ओळ लिहायचे, शिकागोतल्या कामगारांवर गोळीबार झाला, त्यांच्या स्मरणार्थ. १८८९च्या पॅरिसच्या परिषदेत ठरलं, १८९० पासून दिवस पाळू लागले. मुलं लिहून घ्यायची. कुठल्या कारखान्याचे कामगार, तिथे काय तयार व्हायचं, हे मला कधी कुणी विचारलं नाही आणि माझ्याही कधी मनात आलं नाही. आणि त्याच कारखान्याचा वारस सांगणारा बिल्ला लावलेला ट्रॅक्टर आमच्या गोठ्यात उभा होता. झेंडावंदनाला उशीर होऊ नये म्हणून एकदा दादाने मला त्याच्यावरूनच शाळेत सोडलं होतं.

असो. पिस्टन काही हलला नव्हता.

१९०२ मध्ये जे. पी. मॉर्गनच्या पेढीने मॅकॉर्मिक, डीअरिंग आणि आणखी तीन कंपन्या एकत्र करून इंटरनॅशनल हार्वेस्टर उभी केली. १९२४ मध्ये त्यांचा 'फार्मॉल' आला. त्याआधीचे ट्रॅक्टर नुसते नांगरायचे, उभ्या पिकाच्या ओळींत जाऊ शकत नसत. फार्मॉल उंच होता, पुढची चाकं जवळजवळ, त्यामुळे मका-कपाशीच्या दोन ओळींतून कोळपणी करत जायचा. घोड्याचं शेवटचं काम त्याने घेतलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर कंपनीने केंटकीतल्या लुईव्हिलला विमानांचा रिकामा कारखाना विकत घेतला आणि १९४७ पासून तिथे 'फार्मॉल कब' काढायला सुरुवात केली. कब म्हणजे बछडा. ज्याचं शेत लहान, ज्याच्याकडे अजून घोडे आहेत, त्याच्यासाठी छोटा ट्रॅक्टर.

पण त्याच वर्षांत तो छोटा शेतकरी नाहीसा व्हायला लागला होता. सैनिक परतले, त्यांना घरकर्ज मिळालं, गावाबाहेरच्या शेतांचे प्लॉट पडले. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांवर १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिटटाउन नावाची वस्ती झाली, सतरा हजारांवर घरं. त्या घरांच्या करारातच लिहिलेलं होतं की पुढचं गवत आठवड्याला कापलं पाहिजे. ज्या जमिनीत बटाटे निघत होते तिथे गवत लावायचं आणि न चुकता कापायचं, असा हा करार!

कंपन्यांनी हे बरोबर ओळखलं. इंटरनॅशनलने १९६१ मध्ये कबचाच पाठीमागचा गिअरचा भाग घेतला, त्यावर सात हॉर्सपॉवरचं कोहलर इंजिन ठेवलं, तांबड्याऐवजी पिवळा-पांढरा रंग दिला आणि नाव ठेवलं कब कॅडेट. म्हणून या बुटक्याचं मागचं अंग इतकं दणकट आहे. गवत कापायच्या यंत्रात खऱ्या ट्रॅक्टरचे गिअर आहेत. शेतघरातल्या आजोबांचं बोलणं मला त्या दिवशी नीट कळलं. ते म्हणाले होते, "शेत होतं तेव्हा मोठा लाल होता. शेत विकलं तेव्हा तो विकला आणि हा घेतला." दोन वाक्यांत त्यांनी तीस वर्षं सांगितली होती.

नवव्या दिवशी संध्याकाळी ठोकळ्याचा आवाज बदलला. लेकाने फ्लायव्हीलला हात लावला आणि ते केसभर सरकलं. नातू इतक्या जोरात ओरडला की सून पोळ्या टाकून बाहेर आली. आणखी दोन दिवसांत पिस्टन वरखाली होऊ लागला. भिंती पॉलिश पेपरने साफ केल्या, एक झडप अडकली होती ती तेल घालून सोडवली, हेडखाली नवी गॅस्केट बसवली. बोल्ट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे आवळायचे, नाहीतर हेड तिरकं बसतं. हे काम माझ्याकडे होतं, म्हणजे पुस्तकातला क्रम वाचून दाखवायचं. बत्तीस वर्षांची सवय, एकही बोल्ट चुकू दिला नाही.

आता आमच्याकडची बाजू.

लुईव्हिलला कब कॅडेट निघत होता तेव्हा, १९६३ मध्ये, मुंबईत महिंद्र अँड महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. कारखाना कांदिवलीला. १९६५ पासून तिथून बी-२७५ ट्रॅक्टर निघू लागले. आराखडा इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या त्यांच्या कारखान्यातला, डिझेलवर चालणारा, पस्तीस हॉर्सपॉवरचा. एकाच कंपनीचे एकाच काळातले दोन ट्रॅक्टर. अमेरिकेतला शेत संपलेल्या माणसासाठी, कांदिवलीतला बैल सोडू पाहणाऱ्या माणसासाठी.

दादाने १९७१ मध्ये नंबर लावून, जमीन गहाण टाकून बी-२७५ घेतला. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावात तो दुसरा ट्रॅक्टर. आई औक्षण करून म्हणाली, याला वैरण लागत नाही हे बरं. तिला काय ठाऊक, पुढच्याच वर्षी वैरण कुणालाच मिळणार नव्हती. १९७२चा दुष्काळ. ज्यांची जनावरं होती त्यांनी छावणीला नेली, विकली. दादाचा ट्रॅक्टर खात नव्हता, पण नांगरायला ओल कुठे होती? हप्ता मात्र होता. वहिनींच्या पाटल्या गेल्या त्या साली. घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते, पगारातून काही द्यावं असं माझ्या मनात आलं नाही, असं नाही. दिलं नाही एवढं खरं.

मग पाऊस आला आणि त्या ट्रॅक्टरने घर वर काढलं. दादा पाच गावांत भाड्याने नांगरायला जायचा. रात्री दिवे लावून नांगरायचा, आवाज घरी ऐकू यायचा आणि वहिनी त्या आवाजावरून सांगायच्या की आता वळला, आता बांधाला आला. माझ्या लग्नाचं वऱ्हाड ट्रॉलीतून गेलं. ऊस कारखान्याला गेला, विहिरीचे दगड त्याने ओढले, गावच्या शाळेची वाळू त्याने फुकट आणली. कर्ज फिटायला १९८० उजाडलं.

तिकडे कंपनीची उतरण नेमकी त्याच सुमाराला लागली. १ नोव्हेंबर १९७९ ला कामगारांचा संप सुरू झाला तो जवळजवळ सहा महिने चालला. त्यापाठोपाठ व्याजदर चढले, अमेरिकन शेतकरी कर्जात बुडाला, ट्रॅक्टर कुणी घेईना. १९८१ मध्ये कब कॅडेट ओहायोच्या एमटीडी कंपनीला विकला. १९८५ पर्यंत शेतीचा सगळा धंदा टेनेको नावाच्या कंपनीकडे गेला आणि तिने तो आपल्या केस कंपनीत मिसळला. उरलेल्या ट्रकच्या धंद्याने १९८६ मध्ये नाव बदलून नॅव्हिस्टार घेतलं. ज्या नावाखाली मोल्डरांचे नातू-पणतू राबले ते नावही राहिलं नाही. एमटीडीसुद्धा २०२१ मध्ये दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली. (जाता जाता, कोहलरमध्येही १९५४ मध्ये संप झाला होता, तो इतका लांबला की शेवटची तडजोड १९६५ मध्ये झाली. आमचं इंजिन त्या भांडणाच्या शेपटाच्या काळातलं. संपांनी वेढलेला ट्रॅक्टर!)

कांदिवलीची कंपनी १९७७ मध्ये महिंद्रत विलीन झाली आणि वाढत गेली. १९९४ मध्ये महिंद्रने अमेरिकेत ट्रॅक्टर विकायला सुरुवात केली. लायब्ररीच्या वाटेवर एक ट्रॅक्टरचं दुकान लागतं, तिथे लाल रंगाचे महिंद्र ओळीने उभे असतात. नातवाने ते नाव आजवर जपानी समजून वाचलं होतं. मी सुनेला गाडी थांबवायला लावली आणि पाच मिनिटं कुंपणाबाहेर उभी राहून बघितले.

दादा २००९ मध्ये गेला. ट्रॅक्टर त्याच्याही आधी तीन-चार वर्षं बंद होता, पंप गेला होता, भाड्याने नांगरणारे नवे मोठे ट्रॅक्टर गावात झाले होते. गोठ्यामागे बाभळीखाली उभा असायचा. २०१२ मध्ये भाच्याचा फोन आला. "आत्या, ट्रॅक्टरचं काय करायचं? गोठा वाढवायचाय." विचारायची त्याला गरज नव्हती, मान म्हणून विचारलं. मी तेव्हा एका व्याख्यानाची तयारी करत होते. विषय होता, आपल्या गावचा इतिहास कसा जपावा. घाईत म्हटलं, "काढून टाक बाबा, जागा अडते." त्याने किलोवर दिला. वहिनी तेव्हा काही बोलल्या नाहीत. नंतर दिवाळीला गेले तेव्हा बाभळीखाली तेलाचा काळा डाग होता. त्यांनी तेवढा भाग सारवायचा सोडला होता.

त्या कोठारात ओढणीने धूळ पुसताना मला हे सगळं आठवलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. तेव्हा फक्त डाग आठवला.

राहिलेलं काम भराभर झालं. टाकीतल्या पेट्रोलचा राळेसारखा चिकटा झाला होता. टाकीत मूठभर नट-बोल्ट आणि धुण्याचा सोडा घालून नातवाने ती अर्धा तास खुळखुळ्यासारखी हलवली, गंज पाण्याबरोबर बाहेर आला. कार्ब्युरेटर उघडला तर तरंगी चिकटून बसलेली, बारीक भोकं बुजलेली. एक एक भोक तारेने नाही, फवारा मारून आणि फुंकून साफ करायचं, तारेने भोक मोठं होतं. पॉइंट काळे पडले होते, ते पॉलिश पेपरने घासून फिलर गेजने वीस थाऊची फट ठेवली. या ट्रॅक्टरची एक गंमत म्हणजे स्टार्टर आणि डायनॅमो एकच आहे. पट्ट्यावर चालतो, आधी तो इंजिनाला फिरवतो, इंजिन लागलं की इंजिन त्याला फिरवतं आणि बॅटरी भरते. नवा पट्टा, नवी बॅटरी, नवा प्लग, नवं तेल. बाकी सगळं १९६०च्या दशकातलंच. शेतघरातले आजोबा तोवर मुलीकडे गेले होते. त्यांना फोनवर विचारत विचारत शेवटचं काम केलं.

जुलैच्या एका शनिवारी सकाळी किल्ली नातवाच्या हातात दिली. पहिल्यांदा नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदा एक धडाका झाला आणि निळा धूर आला, जाम काढायला ओतलेलं तेल जळत होतं. तिसऱ्यांदा लागलं. अडखळत, मग कार्ब्युरेटरचा स्क्रू लेकाने अर्धा वेढा फिरवल्यावर एका ठेक्यात. नातू सीटवर, लेक शेजारी चालतोय, मी गॅरेजच्या दारात. पहिल्या गिअरमध्ये तो हिरवळीवरून एक फेरी मारून आला.

तिकडे गावाला संध्याकाळ होती. मी भाच्याला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हटलं, वहिनींना दे. त्यांना आता नीट दिसत नाही, फोन कानाला लावून बसल्या. मी माझा फोन इंजिनाजवळ धरला.

"वन्सं, ह्यो लई बारीक वाजतोय," त्या म्हणाल्या. "आपला जाड हुता."

म्हटलं, हा सातच हॉर्सपॉवरचा आहे वहिनी, गवत कापायचा. कंपनी तीच.

थोडा वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. नातू दुसऱ्या फेरीला गेला, लांबच्या कुंपणाशी पोचला. "वळला," त्या म्हणाल्या. आणि मग विचारलं, "एवढं गवत कापून घालता कुणाला?"

कुणालाच नाही म्हटलं. तसंच टाकतात.

"असं व्हय," म्हणाल्या, आणि फोन भाच्याकडे न देता तसाच कानाशी धरून बसल्या. मी लेकाला खूण केली, अजून बंद करू नको.